सायकल-शेडची किल्ली

आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत मतमोजणी कधी झाली नव्हती. ठराव मांडायचा, सूचक आणि अनुमोदक म्हणून दोघांनी जागेवरूनच मान हलवायची, अध्यक्षांनी "सगळ्यांना मान्य?" असं विचारायचं आणि सभागृहाने टाळ्या वाजवायच्या. टाळ्या थांबल्या की चिटणिसाने 'सर्वानुमते मंजूर' असं लिहायचं. कोणी वाजवल्या आणि कोणी नाही, हे कोणी पाहत नसे. मागच्या टेबलांवर बायका जेवणाचे डबे उघडत असत. शेवटच्या टाळ्या म्हणजे ताटं मांडायची खूण.

बेस्ट हे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला लागून असलेलं गाव. मंडळ आमच्या वस्तीपुरतं. बहुतेक घरांतला एकजण आसपासच्या कंपन्यांमध्ये इंजिनिअर आणि दुसरी त्याच्या व्हिसावर आलेली. सभासदत्व कुटुंबाचं असे. नियमावलीत शब्द 'कुटुंब' असाच होता. ज्याच्या नोकरीमुळे घर इथे आलं त्याचं नाव लिहायची पद्धत मात्र आपोआप पडली होती. मी चिटणीस होते. पुण्यात एका दैनिकात उपसंपादक म्हणून काम केलं होतं, तेवढ्या पात्रतेवर हे काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

महामारीच्या पहिल्या वर्षी सभा झालीच नाही. दुसऱ्या वर्षी, वसंतात, ती व्हिडिओवर घ्यायचं ठरलं. विषयपत्रिकेवर वादाचा मुद्दा एकच होता: सायकली.

भारतात कायमचं परत जाणारं कुटुंब फर्निचर विकतं, कुंड्या शेजाऱ्यांना देतं आणि सायकली मंडळाला. अशा जमत गेलेल्या सायकली समाजकेंद्रामागच्या एका शेडमध्ये उभ्या होत्या. शेड खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, वापर मंडळाचा. किल्ली एका बाईंकडे असे. रविवारी सकाळी त्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नव्याने आलेल्या बायकांना सायकल शिकवत. त्या स्वतः डिपेंडंट म्हणून आल्या होत्या. पहिलं वर्ष बसच्या वेळापत्रकावर काढलं आणि मग चिडून सायकल शिकल्या. आता त्यांचा शिवणकामाचा व्यवसाय होता आणि कपड्यांचे गठ्ठे त्या सायकलवरूनच पोचवत.

शिकवताना अडचण तोल सांभाळण्याची नसे. लहानपणी सायकल चालवलेल्यांना उतारावर पाय उलटे फिरवायची सवय असते. इथल्या जुन्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो. पाय उलटे फिरवले की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. ज्यांना सायकल येते असं वाटायचं, त्याच आधी पडत.

दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आल्यावर सीट धरून मागे धावणं बंद झालं. बाईंनी कॅरियरला झाडूचा लांब दांडा बांधला आणि तो धरून त्या मागे धावू लागल्या. बाहेर दोघांहून जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही, असा नियम निघाल्यावर त्या एका वेळी एकीलाच बोलावू लागल्या.

त्या वसंतात शिकणाऱ्यांमध्ये एक फार्मासिस्ट होती. लातूरची, पहिल्या लॉकडाउनच्या जरा आधी आलेली. तिच्या पदवीला इथे मान्यता हवी तर डच यायला हवं होतं आणि भाषेचे वर्ग बंद होते. अखेर एका औषधांच्या गोदामात पॅकिंगचं काम मिळालं. गोदाम कालव्यापलीकडे, पाळी पहाटेची, पहिली बस त्यानंतरची. नवऱ्याला इथला गाडीचा परवाना काढायचा होता, पण ड्रायव्हिंगचे वर्गही बंद. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सायकलवरून पोचता आलं तर नोकरी, नाहीतर नाही. हे तिने बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाईंनी तिला शेडमधली एक लाल सायकल काढून दिली होती.

मग मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला. पार्किंग, दांडा धरलेल्या बाई, सायकलवर ती, आणि कुंपणाशी आपली वेळ व्हायच्या आधीच आलेल्या दोघी. खाली ओळ: 'हे मंडळाच्या नावाने चाललंय का?'

समितीने ठराव तयार केला. महामारी संपेपर्यंत मंडळाचे सगळे उपक्रम बंद, सायकली एखाद्या संस्थेला देऊन टाकायच्या, शेड खेमेंटेला परत. मग नेहमीप्रमाणे अध्यक्षांनी घरोघरी फोन केले. सभेआधी मतं जुळवून घेतली की सभेत वाद दिसत नाही. "आपल्याकडे सगळं बिनविरोध होतं," हे ते दर वर्षी भाषणात अभिमानाने सांगत. माणूस वाईट नव्हता. पहिल्या लॉकडाउनमध्ये आजारी घरांच्या दारांत किराणा त्यांनीच ठेवला होता. खेमेंटेचा दंड बसला तर मंडळाची नोंदणी जाईल, ही त्यांची भीती खरी होती.

बाईंच्या घरी फोन करायचा तर तो त्यांच्या नवऱ्याला, आणि नवरा पुण्यात होता. वडिलांच्या आजारपणासाठी गेला आणि भारतातून येणारी विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकला. अध्यक्षांनी त्याला पुण्यात फोन केला. तो हो म्हणाला.

सभा रविवारी सकाळी अकराला सुरू झाली. स्क्रीनवर एका घराची एक खिडकी, खिडकीखाली नवऱ्याचं नाव. एकाच घराच्या दोन खिडक्या होत्या: एकीत बाई, बेस्टमध्ये, मागे शिलाई मशीन, दुसरीत त्यांचा नवरा, पुण्यात, मागे जेवणाचं टेबल.

सायकलींचा ठराव वाचून झाला. सूचक झाले, अनुमोदक झाले.

"सगळ्यांना मान्य?" अध्यक्षांनी विचारलं.

टाळ्या वाजल्या. म्हणजे हात हलताना दिसले. सगळे म्यूटवर होते, त्यामुळे आवाज कोणाचाच आला नाही. अध्यक्ष जरा थांबले. त्या शांततेची त्यांना सवय नव्हती.

"मला मान्य नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी माइक आधीच चालू करून ठेवला होता.

"वहिनी, चर्चा झाली आहे. समितीत."

"समितीत मी नव्हते. बोला ना आता. इथे सगळे आहेत."

"त्या फोटोत चार जणी आहेत, वहिनी. नियम दोघांचा आहे."

"शिकवत होते एकीला. बाकीच्या लवकर आल्या, त्यांना मी घरी पाठवलं. फोटो काढणाऱ्याने दोन मिनिटं थांबायला हवं होतं."

"उद्या दंड झाला तर मंडळाच्या नावावर."

"माझ्या नावावर घ्या. मंडळात माझं नाव नाहीच आहे, तेवढंच एक येईल."

एक-दोन खिडक्यांमध्ये माणसं हसली. अध्यक्ष माझ्याकडे वळले, म्हणजे माझं नाव घेतलं. "चिटणीस, लिहा. सर्वानुमते, एक विरोध नोंदवून."

एक विरोध असेल तर सर्वानुमते होत नाही, असं मी सांगितलं. वर्तमानपत्रात हे वाक्य छापायला गेलं असतं तर रात्रपाळीच्या पोरानेही अडवलं असतं.

"मग बहुमताने," ते म्हणाले.

बहुमतासाठी मोजावं लागेल, असं मी सांगितलं.

अशी आमच्या मंडळातली पहिली मतमोजणी सुरू झाली. ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितल्यावर नवऱ्यांचे हात वर आले. पुण्यातला हातही आला. त्यामागून एक आवाज आला, बाईंच्या सासूबाईंचा.

"अरे, हात कशाला वर करतोस? ताट वाढलंय."

"आई, मतदान आहे."

"कशाचं?"

"सायकली बंद करायच्या."

"तुला तरी येते का नीट? तिकडे गेल्यावर तिनेच शिकवली ना तुला?"

आता बऱ्याच खिडक्या हसत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "काकू, तुम्ही सभासद नाही आहात."

"मी कुठे मत देतेय? मी बोलतेय," सासूबाई म्हणाल्या आणि चौकटीतून बाहेर गेल्या.

पुण्यातला हात वरच राहिला. बाई त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "राहू दे वर. तू पुण्यात आहेस. किल्ली माझ्याकडे आहे."

विरोधातले हात मागितले तेव्हा बाईंचा हात वर आला. मग एका खिडकीत कडेने दुसरा हात आत आला. नवऱ्याच्या खांद्यावरून, बांगड्यांचा. मग आणखी एका खिडकीत. एका घरातली बायको स्वयंपाकघरातून फोनवरून वेगळी जोडली गेली आणि त्याच नावाच्या दोन खिडक्या झाल्या. एकीत नवऱ्याचा हात ठरावाच्या बाजूने अजून तसाच, दुसरीत तिचा विरोधात. मागच्या टेबलांवर ज्या डबे उघडत असत, त्या सगळ्या पुढे आल्या होत्या. स्क्रीनला मागची बाजूच नव्हती.

फार्मासिस्ट आपल्या नवऱ्याच्या शेजारी बसली होती. तिचा नवरा अध्यक्षांच्याच ऑफिसात, त्यांच्याच टीममध्ये होता. त्याचा हात बाजूने वर गेला होता, तिचा आता विरोधात. तिने माइक चालू केला.

"एक तारखेला मला कामावर हजर व्हायचंय, दादा. बस नाही. मी कशी जाऊ ते सांगा, मग मी हात खाली घेते."

अध्यक्ष म्हणाले, "काही तरी सोय करू की, वहिनी."

"काय?"

तिच्या नवऱ्याने आपला हात खाली घेतला. विरोधात वर केला नाही, नुसता खाली घेतला.

"एका घराचं एक मत," अध्यक्षांनी जाहीर केलं. "दोन हात चालणार नाहीत."

"मग दोन हातांनी जेवण कशाला बनवून घेता दर वर्षी?" कोणीतरी बोललं. कोण, ते मला दिसलं नाही, म्हणून इतिवृत्तात नाही.

मी दोन्ही प्रकारे मोजलं. नोंदवलेल्या नावांप्रमाणे ठराव मंजूर होत होता. दिसणाऱ्या हातांप्रमाणे फेटाळला जात होता. दोन्ही निकाल वाचून दाखवले आणि दोन्ही लिहिणार असं सांगितलं.

"इतिवृत्त म्हणजे बातमी नव्हे," अध्यक्ष म्हणाले. "पहिला निकाल लिहा. माझा निर्णय अंतिम आहे."

"लिहा, लिहा, मंजूर लिहा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि पुढे हेही लिहा, की किल्ली मी देणार नाही. हवी असेल त्याने दारात यावं. दीड मीटर लांब उभं राहावं, मी नाही म्हणते ते ऐकावं आणि जावं."

अध्यक्षांनी विषयपत्रिकेतला शेवटचा मुद्दा पुकारला: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. मग कोणाला परवानगी न देता त्यांनी सभा बंद केली. सगळ्या खिडक्या एकदम गेल्या. आभारप्रदर्शन राहिलं.

मी दोन्ही निकाल आणि बाईंचं वाक्य लिहून इतिवृत्त सगळ्या सभासदांना पाठवलं.

त्या आठवड्यात समितीतले एक गृहस्थ बाईंच्या दारात गेले. बाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर चहा ठेवून दिला आणि किल्ली दिली नाही. त्यांनी चहा घेतला, कप धुवायला आत नेऊ का असं विचारलं आणि नियम आठवून बाकावरच ठेवला. परत कोणी गेलं नाही.

रविवारी पार्किंगमध्ये शिकवणी झाली. बाई आणि ती फार्मासिस्ट, दोघीच. मध्येच खेमेंटेचे गणवेशातले दोन कर्मचारी आले. त्यांनी दांड्याची लांबी नजरेने मोजली, काय चाललंय ते विचारलं आणि पुढच्या चौकात वळताना डाव्या हाताने खूण करायला शिकवा, असं सांगून गेले. बाईंनी ते ऐकलं. पुढचा सगळा तास डाव्या हाताचा झाला. ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा उठल्यावर तिने बाईंना दांडा सोडून द्यायला सांगितलं.

एक तारखेला ती लाल सायकलवरून कालवा ओलांडून गेली. बाई पहिल्या दिवशी पुलापर्यंत मागे होत्या, दीड मीटर अंतर ठेवून.

बाईंचा नवरा विमानं सुरू झाल्यावर आला. त्या मतावरून घरात काय झालं, ते मला माहीत नाही, विचारलं नाही. शेडची किल्ली बाईंकडेच राहिली. 'मंजूर' ठरावाची अंमलबजावणी झाली नाही आणि समितीने तो मागेही घेतला नाही. अध्यक्षांनी मला इतिवृत्तातून एक निकाल काढायची दोनदा सूचना केली. सभेत दुरुस्ती मांडा, असं मी दोन्ही वेळा उत्तर दिलं.

पुढची सभा पुन्हा समाजकेंद्राच्या सभागृहात झाली. खुर्च्या नेहमीपेक्षा लांब लांब, खिडक्या उघड्या, मागे डब्यांची टेबलं. पण टेबलांपाशी कोणी नव्हतं. बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. मी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं: दोन्ही निकाल, आणि किल्ली देणार नाही हे वाक्य, जसं होतं तसं. वाचन चालू असताना फार्मासिस्ट आली. पाळी संपवून थेट सायकलवरून आली होती, बाहीवर चमकणारा पट्टा तसाच. ती नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर बसली.

अध्यक्षांनी दुरुस्ती मांडली नाही. "इतिवृत्त कायम करायला कोणाची हरकत नाही ना?" असं त्यांनी विचारलं आणि सवयीने पुढच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या.

"टाळ्या नको," बाई जागेवरून म्हणाल्या. "मोजा."

टाळ्या विरल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेऊन थांबले होते. हात वर येऊ लागले. चमकणाऱ्या पट्ट्याचा हात, त्याच्या शेजारी तिच्या नवऱ्याचा. अध्यक्ष उठून उभे राहिले आणि बोट पुढे करून पहिल्या रांगेपासून मोजू लागले, एकेक हात, एका घरातले दोन असले तरी दोन.