अर्धी टाकी

माझ्या धाकट्या भावाच्या मोटरसायकलचा फिल्टर मी बदलला नव्हता, आणि बदलला असं सांगितलं होतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना ते लपवत बसायला नको.

आमचं घर लोधिवलीला. मी नोकरीमुळे कर्जतला राहतो, एका शाळेत कारकून आहे. गावी आई आणि भाऊ. भाऊ खालापूरच्या बाजूला एका कंपनीत कामाला होता आणि रोज मोटरसायकलनं जायचा. गाडी नव्या पद्धतीची, कार्ब्युरेटर नसलेली, इंजेक्शनची. पावणेदोन वर्षांपूर्वी ती त्रास द्यायला लागली. सपाटीला नीट चालायची, पण चढ आला किंवा जोरात पळवायला गेलं की दबायची. चौकच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, पेट्रोलचा फिल्टर चोंदलाय, एक दिवस गाडी ठेवून जा. मी म्हटलं, ठेवायची काही गरज नाही, रविवारी मी येतो आणि टाकतो.

गाड्यांमधलं मला कळतं असा घरात समज होता. तो मीच करून दिला होता. माझी पहिली गाडी जुनी. तिचा फिल्टर म्हणजे पेट्रोलच्या नळीवर बसवलेली बोटभर प्लास्टिकची डबी. काढायची, तोंडानं फुंकायची, परत लावायची. एवढ्यावर मी वीस वर्षं जाणकार म्हणून मिरवलो.

त्या रविवारी कर्जतहून नवा फिल्टर घेऊन गेलो. सीट काढली, टाकीचा बोल्ट काढला, टाकी थोडी उचलून खाली पाहिलं. नळीवर डबी नव्हतीच. टाकीच्या तळाला एक गोल चकती होती, तिला वायरी जोडलेल्या. फिल्टर त्या चकतीच्या आत, पंपाबरोबर, टाकीच्या पोटात असतो हे मला माहीत नव्हतं. हातातली वस्तू कुठे बसते तेच कळेना. अर्धा तास मी नुसता पाने खाली-वर करत राहिलो. मग टाकी होती तशी बसवली, सीट लावली. भाऊ भाजी घेऊन आला आणि त्यानं विचारलं, झालं का. मी म्हटलं, टाकला. नवा फिल्टर माझ्या पिशवीत होता.

गॅरेजवाल्याला विचारून पुढच्या रविवारी खरंच टाकू, असं मनात होतं. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मधे भावाचा फोन आला की गाडी अजून दबते. मी त्याला पेट्रोल पंप बदलून बघायला सांगितलं.

मग एका संध्याकाळी, कामावरून येताना, चौकच्या अलीकडे जुन्या हायवेवर तो एका ट्रकला मागे टाकायला गेला. ट्रकच्या बरोबरीला आल्यावर गाडी दबली आणि बंद पडली. मागून येणाऱ्या टेंपोनं ब्रेक मारला, पण तो पुरा लागला नाही आणि टेंपोची धडक भावाला बसली. त्याच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं. पनवेलच्या हॉस्पिटलात दोन ऑपरेशनं झाली. तो चालतो, पण पाय आखूड पडला. दिवसभर उभं राहायचं काम गेलं.

पहिलं ऑपरेशन चालू असताना हॉस्पिटलच्या बाकावर मामा म्हणाला, "पेट्रोल संपलं असंल. पोरांना भान नसतं." गाडीचा पेट्रोलचा काटा बरेच दिवस बंद होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी शेजारीच बसलो होतो. काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे न्यायला गावी गेलो. गाडी दुसऱ्या एका टेंपोतून आणून पडवीत उभी केली होती, वरवर खरचटलेली, किल्ली तिलाच. घरात कोणी नव्हतं. मी टाकीचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. टाकी अर्धी भरलेली होती. मी झाकण लावलं, किल्ली फिरवली आणि किल्ली माझ्या खिशात टाकली. दुसरी किल्ली पूर्वीच हरवली होती. फिल्टरचं खोटं मी घाबरून बोललो होतो. हे मात्र शांतपणे केलं.

भावाला त्या दिवसाचं फारसं आठवत नव्हतं. सगळे म्हणतात म्हणजे संपलंच असणार, असं त्यानंही धरलं. पुढे त्याची घरात चेष्टाच सुरू झाली. तो वॉकर घेऊन अंगणात निघाला की मामा विचारायचा, "पेट्रोल हाय ना रं?" आईही विचारायची, शेजारचेही विचारायचे. एकदा मीही विचारलं. सगळे हसत होते आणि मी गप्प राहिलो असतो तर ते दिसलं असतं, असं मला वाटलं. भाऊ स्वतःही त्यात सामील झाला. अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन दमला की दगडावर बसायचा आणि म्हणायचा, संपलं पेट्रोल. दीड वर्षात हे मी किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही. ऐकताना आत काही होत नसे. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं.

या थंडीत त्याला कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर देखरेखीचं काम मिळालं. बसून करायचं काम. आता गाडी चालू करू म्हणाला. गॅरेजवाला घरी येऊन बघायला तयार होता. मी म्हटलं, मी करतो. याचं कारण चांगलं नव्हतं. टाकी दुसऱ्या कोणी उघडायला नको होती. या वेळी मात्र गॅरेजवाल्यासमोर बसून सगळं समजून घेतलं, मोबाइलवर तीन-चार व्हिडिओ पाहिले, पंपाच्या चकतीची नवी रबरी रिंग घेतली, नवी बॅटरी घेतली. फिल्टर तोच, जुन्या पिशवीतला, अजून पाकिटात बंद.

रविवारी सकाळी भाऊ पायाच्या व्यायामाला चौकला जातो. त्या दोन तासांत टाकी रिकामी करायची, असा माझा बेत होता. पोचलो तर तो पडवीत स्टूल टाकून बसलेला. व्यायामाला गेला नव्हता. म्हणाला, "आज शिकतो मी पण. परत तुला कर्जतवरनं कशाला बोलवायचं?"

पाना विसरलो असं सांगून मी परत फिरू शकलो असतो. पाना पिशवीबाहेर डोकावत होता.

मी सीट काढली. नवी बॅटरी अजून जोडली नव्हती, ते बरंच होतं, ठिणगीची भीती नाही. त्याला सांगितलं की नळी काढताना आधी कपडा धरायचा, कारण या गाड्यांत नळीत पेट्रोल दाबून भरलेलं असतं. तो मान हलवत होता. मग मी खिशातून किल्ली काढली आणि झाकण उघडलं. टाकीत नळी सोडली, दुसरं टोक पाण्याच्या पांढऱ्या कॅनमध्ये. पेट्रोल यायला लागलं. जुनं, गुळाच्या पाण्याच्या रंगाचं, आंबूस वासाचं. ते थांबेना. कॅनमध्ये वर चढत गेलं, वीतभर झालं, तरी येत होतं. आम्ही दोघं बघत होतो.

ते थांबल्यावर भाऊ म्हणाला, "पेट्रोल होतं."

मी हो म्हटलं.

तो स्टुलाला धरून उठला. घरात गेला. आतून त्याचा आवाज आला, "आये, पेट्रोल होतं. अर्धी टाकी होती." आई ओल्या हातांनी बाहेर आली, तिच्या मागून भाऊ. तिनं कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, कारण गाड्यांमधलं मला कळतं.

"मग बंद का पडली?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. उभ्याउभ्या, सगळं. डबी सापडली नाही ते, टाकला म्हटलं ते, मामाच्या शेजारी गप्प बसलो ते.  आई पडवीच्या पायरीवर बसली आणि पदराला हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते.

भावानं एकच विचारलं. "टाकी कधी बघितलीस?"

"तुझ्या पहिल्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी."

 तो परत स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काम कर."

मी टाकी काढून गोधडीवर उलटी ठेवली. चकतीचे बोल्ट समोरासमोरचे सोडवले, पंप हळूच बाहेर ओढला. जुना फिल्टर काळा पडला होता. तो मी त्याच्या हातात दिला. त्यानं तो फुंकून पाहिला, पलीकडून काहीच आलं नाही. नवा बसवला, रिंग घातली, टाकी चढवली, बॅटरी जोडली. ताजं पेट्रोल घातलं. किल्ली फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुमला आणि थांबला. कुठे गळत नव्हतं. तिसऱ्या स्टार्टला गाडी चालू झाली. भावानं गाडी बंद केली, किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

मी जुनं पेट्रोल टाकून द्यायला कॅन उचलला.

"ते राहू दे," तो म्हणाला. "मामाला दावायचंय."

पुढच्या रविवारी मामा आला. पडवीत चढता चढता त्यानं नेहमीचं विचारलं. भाऊ लंगडत कोपऱ्यात गेला, कॅन ओढत आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. टाकीतलं आहे, त्या दिवसाचं, एवढंच सांगितलं. मामानं आईनं विचारलं होतं तेच विचारलं. भाऊ माझ्याकडे वळून थांबला. मी परत सगळं सांगितलं.

आता चार-पाच जणांना सांगून झालंय. पेट्रोल घरात ठेवू नका असं मी म्हणालो, तर आईनं कॅन चुलीपासून लांब, गोठ्याच्या मागच्या भिंतीला नेऊन ठेवला. कोणी आलं की भाऊ तो तिथून आणतो. आणून ठेवतो आणि गप्प बसतो. माझ्या वाटचं तो कधी सांगत नाही. मी रविवार चुकवत नाही. सांगताना अजून काही होत नाही, आवाजही हलत नाही. शेजारच्या दोन घरांना सांगायचं राहिलंय.