पेट्रोलच्या नळीचं वळण

माझ्या जुन्या गाडीची गंजलेली पेट्रोलची नळी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकते आहे. टाकीकडून इंजिनाकडे जाताना ती मध्येच एक भलंमोठं वळण घेते. गाडी नव्याने उभी करताना मला ते वळण शुद्ध मूर्खपणाचं वाटलं होतं. मी ऐटीत सरळसोट नवी नळी टाकली. ती सायलेन्सरच्या पाइपाला खेटून गेली, तापली, आतल्या पेट्रोलची वाफ झाली आणि भर चढावर गाडी बंद पडली. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा तिथल्या शहाळेवाल्याने धक्का मारला.

"आता बंद पडली तर मी पुन्हा हिच्यात बसायची नाही," बायकोने बजावलं.

मग जुनी नळी समोर ठेवून मी नवी तशीच वाकवली. वाकवता वाकवता आई आठवली. शेजारच्या तापट काकूंकडे विरजण मागायला गेली की ती आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची. मला वाटायचं, काय हा वेळकाढूपणा! पण ती रिकाम्या वाटीने कधी परतली नाही. तापलेल्या जागेला वळसा घालून पोहोचायचं कसब होतं ते.

आज पुन्हा तोच चढ. आम्हाला पाहताच शहाळेवाला कोयता ठेवून, बाह्या सरसावत उठला. गाडी गुरगुरत त्याच्यासमोरून थेट माथ्यावर! तो तसाच बघत राहिला. मी हॉर्नकडे हात नेला, तर तो बायकोने आधीच दाबून धरला होता.