न दिलेली आंघोळ

लीला सिस्टर गेल्याचं त्यांच्या भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. "अगदी शांतपणे गेल्या," ती म्हणाली. त्याला आता महिना होत आला, पण मला काही स्वस्थ बसवत नाही... उठते, काहीतरी हातात घेते, परत ठेवते.

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडजवळच्या एका इस्पितळात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा बायकांचा वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी प्रत्येकीला जंतुनाशक साबणाने आंघोळ, हा त्यांचा नियम. "आपल्याच अंगावरचे जंतू टाक्यांत शिरतात गं. बेंबी, काखा, पोटाच्या घड्या... घाई करायची नाही," असं बजावत त्या स्वतः पदर खोचून बसायच्या. लाजून अंग चोरणाऱ्या बाईला भाताची लावणी झाली का, लेकरं कुणाजवळ ठेवलीत, असं विचारत बोलतं करायच्या.

एका डिसेंबरात पेठकडची सोनाबाई गर्भपिशवी काढायला आली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी गिझर बंद पडला होता. "लय थंडी हाय बाई, पानी नको ना," ती कुडकुडत म्हणाली. खरं तर मलाही तेच हवं होतं. अजून दोघींना तयार करायचं होतं. मी तिला गाऊन घातला आणि तिच्या केसपेपरवर लिहिलं, 'आंघोळ दिली.'

पाचव्या दिवशी तिच्या टाक्यांतून पू आला. तिची लहान मुलगी घरी होती, म्हणून सोनाबाई रोज विचारायची, "कवा सोडणार?" सिस्टर तिचं ड्रेसिंग स्वतः करायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आंघोळ नीट दिली होतीस ना?"

"हो."

त्या ड्रेसिंगचा ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे वळल्या. तीन आठवड्यांनी सोनाबाई बरी होऊन घरी गेली. खूप वर्षांनी एक डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की, तेवढ्या आंघोळीने पू टळलाच असता असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मला हायसं वाटायला हवं होतं... वाटलं नाही. लिहिलं ते खोटंच होतं.

निवृत्तीनंतर सिस्टर देवळाली कॅम्पला भाचीकडे राहायच्या. पडल्यापासून त्यांना एकटीने आंघोळ जमत नसे. रविवारी मी जाऊन घालायचे. एकदा पाठीवर पाणी ओतताना, त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी मी मोरीत डोकावले होते. फरशी कोरडी ठणठणीत होती."

"मग तिला थांबवलं का नाहीत?"

"सर्जन घाई करत होते. म्हटलं, एक आंघोळ चुकली तर काय होतंय... थिएटरला मीच पाठवलं तिला." त्यांनी गुडघे पोटाशी घेतले. "वाटायचं, तू कबूल केलंस की मीही करेन."

आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत राहिलो आणि सोनाबाईला कुणीच काही सांगितलं नाही. तिच्या गावाचं नाव मला अजून पाठ आहे. ती भेटेल का, ऐकून काय म्हणेल, काही माहीत नाही... उद्या सकाळच्या पेठच्या गाडीने निघतेय.