हौदातलं पाणी शांत होईपर्यंत

होडीचं नाक बोथट ठेवलं की ती जास्त पळते, असा शोध मी तिशीत लावला होता. लेखी, आकड्यांसकट, खाली झोकात सही करून. तो कागद एका सुताराच्या हातात दिला आणि मंगळवार पेठेतल्या घरी येऊन दोन ताटल्या पोहे खाल्ले. विदुषीला भूक लागली होती ना!

सुतार नदीकाठचा. पुरात त्याच्या वस्तीचा रस्ता तुटायचा, म्हणून लोकांनी त्याला होडी करायला सांगितलेली. नाक कसं ठेवू, हे विचारायला तो मला, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला, गाठायला आला. लाकूड एका होडीपुरतंच होतं. चुकीचं कापलं, की पावसाळ्यात वस्ती तशीच अडकणार.

प्रयोगशाळेमागच्या लांब हौदात मी दोन छोट्या होड्या ओढून बघितल्या. एक टोकदार, एक बोथट. दोरा कप्पीवरून खाली सोडलेला, त्याला दोन्ही वेळा तेच वजन, माझ्या हातात स्टॉपवॉच. होडी लाटा उठवते आणि त्यातच तिची ताकद जाते; कुठला आकार कमी लाटा उठवतो, एवढंच बघायचं होतं. फक्त दर फेरीनंतर पाणी शांत होईपर्यंत थांबायचं. मी आणि थांबणार? बोथट होडीच्या लाटा भिंतीवर आपटून परत येत असायच्या, तोवर मी टोकदार सोडलेली. ती बिचारी समोरून लाटा खात रखडायची आणि मी तिचे सेकंद सुवाच्य अक्षरात लिहायची. त्या लिहिण्यात पाणी आपोआप शांत व्हायचं, आणि पुढच्या फेरीला बोथट होडी सुखात जायची.

नात आता मला म्हणते, "आज्जी, जरा दम धर की!" मी म्हणते, मला कुणी शिकवलंच नाही गं. साफ खोटं.

दुसऱ्या दिवशी तासाला मुलांना तोच प्रयोग दाखवताना बोथट होडीचा दोरा गुंतला, म्हणून टोकदार आधी सोडली. सुळकन गेली! मी स्टॉपवॉच बघितलं, मग हौद बघितला. पाणी स्थिर होतं. सुतार आजच करवत लावणार होता.

तास सोडला, मोपेड काढली. त्याच्या दारात पोचले तेव्हा पदर एकीकडं, चप्पल एकीकडं. "कापू नका! मी चुकले!"

तो अखंड फळीवर बसून चहा पीत होता. त्यानं मलाही कपबशी दिली. मी उभ्यानंच तोंडाला लावली आणि जीभ पोळून घेतली.

"लाकडाला हात लावल्याला न्हाय, बाई," तो म्हणाला. "काल हौदावर बघितलं की मी. पाणी हालत असतानाच तुमी दुसरी सोडत हुता. म्हटलं, बाई येतील पळत, तवर थांबू. आता बसा, आन् च्या तरी गार हू द्या."