ओल्या वहाणा

सांबशिवरावांनी सुचवलेला सिनेमा तंजावुरात कुणी पाहिला, असं ऐकिवात नव्हतं. पाहिला असं सांगणारे मात्र घरटी दोन होते.

कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हा उद्योगच मांडला होता. आपटलेले, आठवड्यात उतरलेले सिनेमे ते हुडकून काढत. नवरात्रात घरी गोलूच्या पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या पाहायला मंडळी आली, की बायको भामाबाई पानसुपारी आणि सुंडलाची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची, पुडी देत आणि हे हळूच पिशवीत चिठ्ठी सरकवत. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. देवनागरी वाचतंय कोण? ‘नागस्वरवाल्याचे दात पडतात तो पाहा. शेवटची तोडी ऐकल्याशिवाय उठू नका.’ ‘दोघी बहिणी बसने जातात, एवढंच घडतं. पण मध्ये वीणा आहे. तेव्हा मिक्सर लावू नका.’

पुढच्या वर्षी विचारावं, तर सगळ्यांचं ठरलेलं, “अय्यो, फार छान होता की!” एकीला तर दातांच्या सिनेमातल्या नायिकेची साडीही आठवत होती. त्या सिनेमात बाई औषधालाही नव्हती.

सांबशिवराव खट्टू होत. एकाने तरी आपला शब्द मानून दोन तास बसावं, एवढीच त्यांची हाव. सात वर्षं वाट पाहून यंदा त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी चिठ्ठीपुरता एक सिनेमाच मनाने रचला. ‘ओल्या वहाणा. नवरी मांडवात येते तेव्हा व्हायोलिनवर सात मिनिटं मुखारी. चुकवू नका.’ मुखारी हा रडवा राग. लग्नात तो वाजवणाऱ्याला कुणी पानावर बसू देणार नाही.

सरस्वतीपूजेला, म्हणजे नवव्या दिवशी, तीच मंडळी पुन्हा आली. व्याही बाळकृष्णराव कॉफीचा पेला-डबरा हातात घेऊन म्हणाले, “काय ती मुखारी! डोळ्यांत पाणी आलं.”

“आणि शेवटी वहाणा वाळतात, ते?” सांबशिवरावांनी भोळा चेहरा करून विचारलं.

“तिथेच तर खरी मजा आहे!”

भामाबाई आतून डोळे वटारत होत्या. सांबशिवरावांना मात्र हसू आवरेना.

बाळकृष्णराव हे बोलत असतानाच दारात ऑटो थांबली होती. तिरुवैयारूच्या शेषम्मा ते ऐकतच आत आल्या. वय ऐंशी, पन्नास वर्षं पोरींना गाणं शिकवलेलं. दरसाल त्या चिठ्ठी मुकाट्याने बटव्यात घालत. त्यांना विचारायची सांबशिवरावांची कधी छाती झाली नव्हती.

“सांबशिवा, तुझ्या वहाणा कोठें मिळत नाहीत रे. आठ दिवस शोधतें. नातीच्या फोनवर पाह्यलें. सीडीच्या दुकानांत विचारलें, तो मज हसला.”

“अक्का, तुम्ही... शोधलांत?”

“मग? तुझ्या अस्की, एकूण एक चिठ्ठ्या आहेत मजजवळ. एकही सिनेमा सोडला नाही. दातांचा दोनदां पाह्यला. त्यांत शेवटीं तोडी नव्हे रे, धन्यासी आहे. सांगायचें राहिलें.”

सांबशिवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं ज्या एका माणसाची वाट पाहिली, नेमकं त्यालाच त्यांनी गंडवलं होतं.

“असा सिनेमाच नाही, अक्का,” ते पुटपुटले. “मीच रचला.”

बाळकृष्णरावांना एकाएकी गोलूतल्या बाहुल्या फार आवडू लागल्या.

“मज शंका आलीच होती,” शेषम्मा म्हणाल्या. “मांडवांत मुखारी कोण वाजवेल? पण चिठ्ठी तुझी होती. वाटलें, असेल कोणी वेडा.”

सांबशिवरावांचे डोळे भरून आले. शेषम्मांनी तिकडे लक्ष दिलं नाही. खुर्ची ओढून त्या ऐसपैस बसल्या.

“आतां सांग अस्कें. वहाणा ओल्या कशानें झाल्या, तिथून.”

“आणि मुखारी?”

“गा. सात मिनिटें. मी घड्याळ पाहतें.”

सांबशिवरावांनी घसा खाकरला. दुसऱ्याच मिनिटाला शेषम्मांनी हात वर करून सूर दुरुस्त केला आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं. बाळकृष्णराव हळूच वहाणा शोधू लागले, तर त्यांनाही खाली बसवलं.

“तुम्ही कोठें चालला? तुम्ही पाह्यला आहे की. हा चुकला तर सांगा.”