तिसऱ्या तासाची ताणमुक्ती

आमच्या भाषेच्या बाईंना सगळे ‘कादंबरीबाई’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. मी गणितवाली, मला गोष्टीबिष्टींचा भयंकर कंटाळा, पण शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची नेमकी त्यांच्या शेजारी. मोकळ्या तासाला पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवून बसायची आमची रीत. नाहीतर माणूस रिकामा दिसतो आणि गैरहजर शिक्षकाचा वर्ग गळ्यात पडतो. बाई मात्र उघडउघड कादंबरी वाचायच्या आणि गळ्यात पडलेले वर्ग मुकाट्याने घ्यायच्या. फक्त तिसऱ्या तासाचं वाचन सोडायच्या नाहीत.

कारण चौथ्या तासाला त्यांना नववीवर जायचं असायचं. त्या वर्गातली एक मुलगी गच्चीवरून पडली होती. पडली असं आम्ही म्हणतो. तिची आई फाटकाशी बाईंना गाठून विचारायची, “तुमच्यासमोर बसायची ना ती? तुम्हाला कसं कळलं नाही?”

एकदा मी म्हटलं, “अहो, त्यात आणखी हे रडकं कशाला वाचता?”

“त्यातली माणसं माझ्या वाटचं रडून घेतात गं. मग मला वर्गात उभं राहता येतं.”

मला ते काही झेपलं नाही. पण त्या रोज उभ्या राहत होत्या, हे खरं.

मग मुख्याध्यापकांना आमच्या मनाची काळजी लागली. ताणमुक्तीचं शिबिर निघालं. ज्याचा जो तास मोकळा, त्या तासाला त्याने सभागृहात जायचं, हजेरी सक्तीची. डोळे मिटा, श्वास घ्या, शेजाऱ्याकडे बघून हसा. डोंबल.

बाई म्हणाल्या, “सर, तेवढा तास मला वाचू द्या.”

“अहो बाई, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं.”

मी मध्ये तोंड घातलं, तर मलाच ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या आठवड्यात शिबिरातून निघालो आणि बाई नववीच्या दारात थांबल्या. पोरं उभी राहिली. बाईंचं पाऊल आत पडेना.

“मला नाही जाता येत आत,” त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांना खोलीत आणून बसवलं, कादंबरी उघडून दिली. बराच वेळ त्या एकाच पानाकडे बघत राहिल्या, मग पुस्तक मिटून घरी गेल्या. पुन्हा शाळेत आल्या नाहीत.

शिबिर संपल्यावर सरांनी त्यांचं प्रमाणपत्र माझ्याकडे दिलं, घरी पोचवा म्हणून. इतका संताप आला, तरी नेलं. बाईंनी ते न बघताच बाजूला ठेवलं.

“नववीवर कोण जातं आता?”

“मीच.”

“आज सगळी आली होती ना गं पोरं?”