रिकाम्या खुर्चीचा नंबर

आमच्या साडूंइतका चिकाटीने न जिंकणारा माणूस अख्ख्या दुबईत दुसरा झाला नसेल. हरणारे पुष्कळ होते, मंदीच्या त्या वर्षांत तर रांगा लावून हरत होते. पण हरायचंही नाही आणि जिंकायचंही नाही, नुसतं बसून राहायचं, आणि आजूबाजूचे एकेक उठून गेले की आपण उरलो याचा आनंद मानायचा, ही विद्या फक्त साडूंची. ती त्यांना पोकरने शिकवली की अंगात होती म्हणून ते पोकरकडे वळले, हे मला सांगता येणार नाही. मला पत्त्यांत राजा आणि गुलाम वेगळे ओळखता येतात, तेवढंच.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला अल बर्शाला, नोकरी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअरची. त्याच कंपनीच्या एचआरमध्ये मी होतो, आणि मला तिथे चिकटवलं होतं त्यांनीच. माझा बायोडेटा घेऊन ते तेव्हाच्या मॅनेजरच्या दाराशी दोन तास बसले होते. मॅनेजरने शेवटी कंटाळून मला बोलावलं. मी कामाला लायक आहे की नाही हे आजवर कुणी तपासलेलं नाही.

बसून राहणं हेच त्यांचं शस्त्र. शारजात रोल्लाच्या बाजारात एकदा कुकर घ्यायला गेलो होतो. मलबारी दुकानदाराने किंमत सांगितली. साडू काही बोललेच नाहीत. कुकरकडे बघत उभे राहिले. दुकानदाराने दहा दिरहम कमी केले. साडू गप्प. आणखी पाच केले, शिट्टी फुकट देतो म्हणाला, चहा मागवला, शेवटी हात जोडून म्हणाला, "हबीबी, कुछ तो बोलो! मेरे को टेन्शन हो रहा है." साडूंनी कुकर घेतला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "घाई करणारा माणूस नेहमी समोरच्याचं काम करत असतो." ते मेट्रोच्या दोन गाड्या सोडून तिसरीत चढायचे आणि लग्नाच्या बुफेला तासभर हात लावायचे नाहीत. मेहुणीबाई म्हणायच्या, "हे मला पाहायला आले तेव्हासुद्धा असेच गप्प बसले होते. मला वाटलं, किती शांत माणूस आहे!"

तर हा माणूस सॅटेलाइट खेळायचा. आकाशातला नव्हे. मोठ्या पोकर टूर्नामेंटची फी आपल्यासारख्या नोकरदाराला झेपत नाही, म्हणून कॅसिनोवाले आधी एक स्वस्तातली छोटी टूर्नामेंट लावतात, तिला सॅटेलाइट म्हणतात. तिच्यात पैसे मिळत नाहीत. मोठ्या टूर्नामेंटमधली एक खुर्ची मिळते. "फी किती? ऐंशी दिरहम, म्हणजे हजार रुपये," साडू मला समजावायचे. "साठ माणसं बसतात, सहा खुर्च्या असतात. पहिल्याला जी खुर्ची तीच सहाव्याला. मग पहिला यायला धडपडतो तो गाढव. शहाणा माणूस सहावा येतो."

दुबईत जुगाराचं नावही काढायची सोय नव्हती. पण साडूंची कुलदेवी गोव्याची, आणि पणजीच्या नदीत कॅसिनोची बोट उभी. ही व्यवस्था देवीनेच केली असावी असा त्यांचा विश्वास होता. वर्षाची रजा मिळाली की पुण्याला आईवडिलांना भेटून चार दिवस कुलदेवीला जायचं ठरलेलं. सकाळी अभिषेक, दुपारी कपाळावर अंगारा तसाच ठेवून बोटीवर. "देवीला पाच मिनिटं आणि बोटीला अकरा तास," मेहुणीबाई म्हणायच्या. त्या अकरा तासांत साडू दहा डावसुद्धा खेळत नसत. पानं उचलायची, बघायची, टाकायची. एकदा शेजारच्या दिल्लीवाल्याने त्यांना विचारलं म्हणे, "अंकल, आपकी तबीयत तो ठीक है ना?"

एरवी वर्षभर सराव घरच्या डायनिंग टेबलावर चाले, चिप्सच्या, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या, जागी कडधान्यं लावून. चवळी म्हणजे शंभर, वाटाणा पाचशे, राजमा हजार. एका शुक्रवारी मेहुणीबाईंनी टेबलावरचा सगळा राजमा भिजत घातला, तेव्हा साडू दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. लेक इंग्रजी शाळेतली. ती समोर बसून यांच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायची आणि ओरडायची, "बाबा, यू ब्लिंक्ड अगेन!" त्यावर उपाय म्हणून ते काळा चष्मा लावून जेवायला बसू लागले. आमटी समजून ताकात भात कालवलेला मी स्वतः पाहिला आहे.

पाच सॅटेलाइट ते असे बसून हरले. मंदी आली त्यानंतरच्या वर्षी मात्र सहाव्या खेपेला ते सहावे आले. पुढच्या मोठ्या टूर्नामेंटची खुर्ची त्यांच्या नावावर झाली. ती दुसऱ्याला देता येत नव्हती, विकता येत नव्हती, स्वतः जाऊन बसायचं होतं. त्यांनी बोटीवरूनच मला फोन केला. "साडू, माणूस आयुष्यभर पात्रता फेरीच खेळतो हो. मला खऱ्या खेळात बोलावलंय."

टूर्नामेंटला तीन महिने होते, आणि त्या तीन महिन्यांत आमची कंपनी अर्धी झाली. क्रेन जागच्या जागी थांबल्या. साडू थांबलेल्या टॉवरचं वेळापत्रक दर गुरुवारी नव्याने काढत होते, कारण ते काढू नका असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दर शुक्रवारी करामा भागातल्या खानावळीत कुणाच्या ना कुणाच्या निरोपाची थाळी जेवत होतो. माणसं कमी करायला हेड ऑफिसने एक नवा मॅनेजर पाठवला होता. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा मेहुणा, याची तो फार आस्थेने चौकशी करायचा. एका घरातले दोघे त्याला नको होते. मी कुणाचा साडू आहे हे त्याला अजून कळलं नव्हतं आणि कळू नये म्हणून मी ऑफिसात साडूंना 'सर' म्हणू लागलो होतो.

टूर्नामेंटच्या दहा दिवस आधी साडू रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. फक्त चार दिवस. मी दार लोटून घेतलं आणि म्हणालो, "साडू, आत्ता रजा मागू नका. यादी बनतेय. या दिवसांत खुर्ची सोडली की खलास. थोडं टिका, वादळ जाईल."

यादी बनत नव्हती. बनली होती. आदल्या दिवशी मीच ती टाइप केली होती आणि प्लॅनिंगमध्ये एकच नाव होतं. ते रजेवर गेले काय, न गेले काय, काही फरक पडणार नव्हता. फरक मला पडणार होता. अर्ज माझ्या सहीने वर गेला असता, मॅनेजरने विचारलं असतं, यादीतल्या माणसाची रजा पुढे पाठवता, हा तुमचा कोण. मी माझी नोकरी वाचवली आणि त्याला सल्ला हे नाव दिलं. साडूंनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पाण्याच्या ग्लासकडे पाहिलं, अर्जाची घडी घालून खिशात ठेवली, आणि म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणता तसं."

टूर्नामेंट शुक्रवारी सुरू झाली. आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. गोव्याचं घड्याळ दीड तास पुढे. साडू मधूनमधून मनगटाकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की न आलेल्या माणसाच्याही चिप्स त्याच्या खुर्चीसमोर मांडतात. दर फेरीला बसण्यापुरत्या सक्तीच्या चिप्स त्यातून उचलतात. माणूस नसला तरी खेळ चालू राहतो, ढीग संपेपर्यंत. "आता निम्म्या राहिल्या असतील," ते वरणभात कालवताना म्हणाले. चहाच्या वेळी म्हणाले, "आता मूठभर." मेहुणीबाई उठून आत गेल्या.

शनिवारी त्यांनी बोटीवर फोन लावला आणि मग हसत हसत मला. "साडू, ऐका तर! एकशे चाळीस माणसांत माझी रिकामी खुर्ची एक्क्याण्णवावी आली. जवळपास पन्नास जिवंत माणसांना हरवलं तिने. मी स्वतः गेलो असतो तर एवढा टिकलो नसतो हो!" रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सकाळी मी त्यांच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, पोच म्हणून सही केली, आणि मला विचारलं, "तारीख आजचीच घालायची ना?" महिन्याभरात सगळे पुण्याला गेले.

मी तिथेच राहिलो. अजून आहे. लोक माझ्या टिकण्याचं कौतुक करतात, तेव्हा मी हवापाण्याच्या गप्पा काढतो.

मध्यंतरी पुण्याला त्यांच्याकडे गेलो. साडू आता एका क्लासमध्ये मुलांना प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर शिकवतात. पत्ते सुटले. तशी खुर्ची पुन्हा लागली नाही. बाल्कनीत दोघेच होतो, तेव्हा मी एकदाचं बोलून टाकलं, "साडू, त्या दिवशी तुम्हाला थांबवलं ना, तेव्हा यादी तयार होती. तुमचं नाव मीच टाइप केलं होतं."

"माहीत होतं की," ते म्हणाले. "तुम्ही बोलताना तीनदा पाण्याचा ग्लास उचललात आणि एकदाही प्यायला नाहीत. पानं चांगली असली की माणूस असं करत नाही."

"मग गेला का नाहीत? नोकरी जाणारच होती, निदान खेळून तरी यायचं!"

"अर्जावर तुमची सही लागली असती." ते खाली रस्त्याकडे बघत होते. "नवा साहेब विचारत फिरत होता ना, कोण कुणाचा कोण. मी बाहेर पडणारच होतो. तुम्हाला बरोबर कशाला ओढायचं? तुमची मुलं लहान होती."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण साडूच्या पाया पडायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून मी म्हणालो, "चला साडू, जरा चक्कर मारून येऊ," आणि ते चपला शोधायला उठले.